नारळबाबाचं नाव

— नाई ताई, तो कॅमेरा आंधी खाली ठेवा, मंग बोलते. तुमी अमरावतीवून आल्या, यष्टीचे धक्के खात आल्या, तुमच्या संस्थेनं धाडलं, सारं कबूल — पण त्या काचेच्या डोळ्यानं पाहून राहिल्या ना तुमी, तर मले वाटते खाटेवर मी नाई, कोनी दुसरीच बाई बसली हाय. ठेवा त्या पिठाच्या डब्यावर. हां. अन् चाय घ्या, थंडी होऊन राहिली. काय म्हणायचं म्हणता? 'फोनमुळे माझं जीवन बदललं'? हे मी नाई म्हणत. माहं जीवन बदललं ते अलग कारणानं बदललं, अन् फोनचा त्याच्यात — जाऊ द्या. दुसरं काई लिहून घ्या. लिहा का, इंदूबाई म्हणते, फोनले कान फुटले म्हणून मले तोंड फुटलं. हसता काहून? खरं हाय ते. मी चवथी पास. अक्षर ओळखते, पण जोडाक्षर आलं का बैल नाल्यात अडावा तशी अडते, पुढचं वाक्य निंगून जाते अन् मी तिथंच. पयलेबी फोन होता माह्यापाशी, हिरवं बटन अन् लाल बटन, बस. मंग रागिणीनं — माही पोरगी, नर्सिंग शिकली अमरावतीले — आपला जुना मोठा फोन देला. देला तर देला, पण त्याच्याशी बोलायचं कसं? त्याले लिहून पाह्यजे. बरोबर लिहून पाह्यजे. साह्यबासारखा बसे तो, अर्जात एक काना चुकला का परत पाठवे.

मंग शेजारच्या सईदाभाभीची सून, जेबा, थे एक दिवस म्हणते — चाची, लिहू नका, हे मायकाचं चित्र दाबा अन् मले बोलता तसं बोला. मी म्हटलं बह्याड झाली का पोरी, डब्याशी बोलू का मी, लोक म्हणतील बाईले भूत लागलं. पण बोलली. पयलं काय बोलली माहीत हाय? पराटीचे पानं लाल पडून राहिले, काहून? आता पराटी म्हणजे आमची वऱ्हाडाची बोली, तुमचे शिकलेले कापूस म्हणतात — त्यानं बराबर समजून घेतलं, अन् मराठीतून सांगतलं, बाईच्या आवाजात सांगतलं, तेबी ओरडून नाई, कृषी साह्यबासारखं वर पाहत नाई. तवा मले समजलं का आता आपल्याले त्याच्या दारी जा लागत नाई, तो आपल्या दारी आला. जसं येते तसं बोला, अर्धं बोला, उलटं बोला, मनातलं ओळखते तो. मंग काय, इथं बायांची रांग. हातपंपाचं तर तुमाले सांगतलंच असन कोनी. तीन उन्हाळे बंद पडेल होता, पोट्टे ग्रुपवर चित्रं टाकत गुड मॉर्निंगचे, कोनी पंपाचं टाकत नव्हतं. मी बोलली, त्यानं लिहिलं, तालुक्याच्या साह्यबाले धाडलं. सरपंच दारात येऊन इचारते, हे कोन्या वकिलाकून लिहून घेतलं? म्हटलं, माह्या जिभेकून. तवापासून गंगूबाई म्हणा, कोनी म्हणा, ज्याले सरकारात बोलायचं थे माह्या खाटेवर येऊन बोलते. मी फोन धरते, थे बोलते. मी काई शिकवत नाई ताई. मी फक्त सांगते का लाजू नका.

आता तिकडं काय पाहून राहिल्या? तो फोटो? हो, आमचे हे. हार नाई फोटोले, पाहिलं तुमी. कुंकू हाय माह्या कपाळाले, तेबी पाहिलं. दोनी पाहिलं तर मंग इचारता काय. — नाई, रागावली नाई. माहा आवाजच असा हाय. गावात सारे जन पाहतात, पण इचारत नाई, तुमी परगावच्या म्हणून तुमच्या तोंडी आलं. गेले थे घरून. ज्या उन्हाळ्यात इकडचे संत्र्याचे बगीचे वाळले ना, मोर्शीपासून इकडं रिद्धपूरलोक, त्या उन्हाळ्यात गेले. काय करत? पानी पाहत. जमिनीतलं पानी. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, शेंडी बोटांकडं, अन् वावरातून अनवाणी चालायचं. खाली पानी असलं का नारळ उभा राहते. राहते का म्हणता? मी डोळ्यानं पाहिलं. त्यायच्या हातावर राहिला, माह्या हातावर राहिला नाई, रागिणीच्याबी नाई. तुमी नका मानू. मीबी अर्धीच मानत होती, पण अर्ध्या तालुक्याच्या विहिरी त्यायनं सांगितलेल्या, अन् मानूस कमी बोलणारा — जागा आली का पाय थांबे अन् एकच शब्द म्हणे, 'इथं.' बस. पैसे ठरवून काम करत नव्हते, जेवण दिलं तर जेवत.

मंग तो उन्हाळा आला. बगीच्यावाले वेडे होऊन गेले. संत्र्याचं झाड म्हणजे लेकरू हाय इकडं, बारा-पंधरा वर्षं वाढवलेलं, अन् थे डोळ्यादेखत वाळते, पानं कुरकुरीत होतात, हात लावला का गळतात. रात्रंदिवस बोअरच्या गाड्या, धडधड धडधड, ज्या वावरात पाहा तिथं पांढऱ्या धुळीचा लोट. पानी नाई, धूळ. अन् ह्यायले वढून नेत, आज याच्या वावरात, उद्या त्याच्या. हे म्हणत, नाई राहिलं आता खाली, मले समजून राहिलं. कोन ऐकते? शेवटी सख्ख्या भावानं नेलं. माहे भासरे, भगवंतराव, ह्यायचे मोठे भाऊ, त्यायचा बगीचा सगळ्यात मोठा. हे नाई म्हणत होते, भावानं हात धरून नेलं. नारळ उभा राहिला म्हणतात. का ह्यायनं भावासाठी उभा केला, थे मले आजलोक समजलं नाई. गाडी लागली, खोल गेली, आनखी खोल गेली, अन् धूळ. सारं गाव जमलं होतं. भगवंतरावांनी तो नारळ ह्यायच्या हातून हिसकला, गाडीच्या लोखंडावर फोडला अन् म्हणतात — 'घे, तुह्या नारळात तेवढं पानी हाय, जमिनीत नाई.' लोक हसले. हसायसारखं होतं बाप्पा, मीबी हसली असती दुसऱ्या कोनाचं असतं तर. हे घरी आले, हातपाय धुतले, जेवले. सकाळी म्हणाले, चांदूरबाजारकडे एक जागा पाहायची हाय. खाकी झोला घेतला खांद्यावर. मी पोळ्या बांधू लागली तर म्हणाले राहू दे. त्यायनं 'राहू दे' म्हटलं तर मी राहू देलं. त्याच्यानंतर आठ दिवसांनी बगीच्यावर कुऱ्हाड चालली. संत्र्याचं लाकूड जळते ना ताई, तवा धूर गोड लागते. सारा उन्हाळा गावात गोड धूर होता.

— शोधलं कसं नाई? पोलीस झाले, धामणगावच्या गाडीपासून अकोल्याच्या गाडीलोक फिरली मी फोटो घेऊन. पण तुमी फोनचं इचारून राहिल्या. हो, फोनवरबी शोधलं, अन् तिथंच तर अडली होती मी. काहून का शोधायचं म्हणजे नाव बोला लागते. अन् ह्यायचं नाव मी घेत नाई. तुमी हसा, तुमच्या पिढीतल्या बाया नवऱ्याले नावानं हाका मारतात, रागिणीबी मारन. आमच्या सासूनं सांगतलेलं — नवऱ्याचं नाव जिभेवर आलं का एक दिवस कमी होते त्याचा. लग्नात उखाण्यात घ्या लागलं, तवा मी अर्ध्यावर अडली अन् आजूबाजूच्या बायायनंच पुरं केलं, नाव त्यायच्या तोंडून निंगालं. त्याच्यानंतर नाई. मतदानाले गेली तरी साह्यबाले बोट दाखवलं, का हे पाहा, हे नाव. तर मंग फोनले काय सांगू? पयल्यांदी बोलली, 'आमचे हे कोठी हायेत?' तो म्हणते, आपण कोणाबद्दल विचारत आहात ते मला समजलं नाही. खरंच हाय, त्याले कसं समजन. मंग बोलली, 'रागिणीचे बाबा.' बाप्पा, जगात किती रागिण्या अन् त्यायचे किती बाप — एक लग्नपत्रिका निंगाली, एक शाळेचा सत्कार, एक कोन्या सिरियलमधला म्हातारा. जेबा पाहत होती. थे म्हणते, चाची, मी बोलते नाव, माह्या तोंडानं त्यायचा काय दिवस कमी होनार हाय. बोलली. त्या नावाचे निंगाले — एक निवडणुकीत पडलेला, एक किराणा दुकानवाला, एक निधनवार्तेतला. तिघंबी आमचे नव्हते. निधनवार्तेतला नाई हे पाहून मी चाय केली जेबाले, साखर जास्त टाकून.

मंग एक दिवस तूर सोंगून राहिलो होतो, दुपारी मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसली होती एकटी, अन् काय वाटलं कोन जाने — मायक दाबला अन् नाव नाई, गाव नाई, जसं जेबाले सांगते तसं सांगतलं. म्हटलं, तळहातावर नारळ ठेवून पानी सांगते, डावा पाय जरासा वढते, बोलत नाई जास्त, खांद्यावर खाकी झोला, असा मानूस कोठी हाय? आता पाहा — इतक्या दिवसांत ज्याले नाव देऊन समजलं नाई, त्याले बिननावाचं समजलं. व्हिडिओ निंगाला. धारणीच्या तिकडचा, मेळघाटातला, कोरकू लोकायच्या एका पाड्यावरचा. दाढी वाढलेली, पांढरी. पाय तसाच वढून राहिले. लोक मागं-मागं, लेकरं मागं-मागं. नारळ उभा राहते, अन् थे थांबतात, अन् — 'इथं.' माह्या हातून फोन तुरीत पडला. उचलला तर तो म्हणून राहिला, 'इथं.' त्याले थांबवता येते हे मले त्या वेळी आठवलंच नाई, मी पदराखाली धरला, तो पदराखालून म्हणते, 'इथं.'

रोज पाहते. घरात एकटी असली का लावते. अन् आता ताई, नाई लावला तरी ऐकू येते. चुलीपाशी फुकायले वाकली — इथं. विहिरीवर दोर सोडला — इथं. मी पाय ठेवीन तिथं, मागून, जसं कोनी हातभर अंतरावर उभं हाय. पयले भेव वाटे, आता आवाज नाई आला तर भेव वाटते. — नाई, डॉक्टरकडं नाई जायचं मले. ऐका पुढचं. त्या व्हिडिओच्या खाली लोक लिहितात ना, थे मले वाचता येत नाई पटापट, तर फोनच वाचून दाखवते, त्याच बाईच्या आवाजात. एक म्हणते नारळबाबा देवमानूस. तिथं नारळबाबा म्हणतात त्यायले. एक म्हणते ढोंगी. एक म्हणते आमच्या पाड्यात गोड पानी लागलं, बायायचा डोंगर उतरणं बंद झालं. एक म्हणते बाबा गेले पावसाळ्यात. एक म्हणते, गेले कसे, मी खंडव्याच्या ठेशनावर पाहिले. अन् थे फोनातली बाई सारं एकाच आवाजात म्हणते — 'गेले' म्हणतानाबी तोच, 'पाहिले' म्हणतानाबी तोच. मी रोज लावते, का कधीतरी एकाजागी तिचा आवाज हालन. हालत नाई.

मंग मी बोलली त्याच्याखाली. हो, मी. हजारो लोकायच्या मधात इंदूबाईचं वाक्य गेलं — 'हे बाबा आता कोठी भेटतील?' कोन इचारून राहिलं थे नाई सांगतलं. दोन दिवसांनी एकाचं उत्तर आलं. तनवीर नाव त्याचं, धारणीले जीप चालवते, तो व्हिडिओ त्यानंच काढलेला. मले वाचायले तरास होते हे त्याले कसं समजलं माहीत नाई, त्यानं बोलूनच पाठवलं. थोडं हिंदी, थोडं मराठी. म्हणते, बाबा दोन वर्षं होते आमच्या इथं, माह्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसत, पैसे देऊ लागत तर मी घेत नव्हतो. पावसाळ्यात ताप भरला, नाल्याले पूर, जीप उतरे ना पलीकडं, दवाखाना पलीकडं. पाड्यातल्या लोकांनी त्यायच्याच विहिरीपाशी माती दिली. झोल्याचा फोटो पाठवला त्यानं. खाकी झोला, अन् पट्ट्याजवळ ठिगळ, जांभळ्या काठाचं. माह्या लुगड्याचा काठ. आता जांभळे काठ का दुनियेत माह्याच लुगड्याले असतात? कोनाच्याबी झोल्याले ठिगळ असते. खंडव्याच्या ठेशनावर पाहिलं म्हणणारा का उगाच म्हणन?

— नाई सांगतलं. रागिणीले नाई, जेबालेबी नाई. कोनालेच नाई. तुमाले काहून सांगून राहिली, देव जाने. तुमी जानार म्हणून असन. अन् येळ कोनता हाय पाहा. येत्या रविवारी रागिणीची हळद. पयली हळद मायनं लावायची, पण माय सवाशीण असली तर. भगवंतराव गेल्या बुधवारी येऊन बसले, तुमी बसल्या तिथंच. म्हणतात, किती दिवस अशी बसशील, ना इकडची ना तिकडची, त्याचं करून टाकू जे करायचं थे, हळदीच्या आंधी, म्हणजे पोरीच्या सासरचे बोट दाखवनार नाई. मी म्हटलं, भाऊजी, नारळ तुमी फोडला, आता कुंकूबी तुमीच पुसता का? उठून गेले. म्हातारे झाले थे. वाळलेल्या बगीच्याच्या धुऱ्यावर बसून राहतात दिवसभर, झाड नाई तिथं एकबी. मले दया येते, पण थे मी त्यायले दाखवत नाई.

अन् हा तनवीर. तो रोज बोलते आता. ऐका, सकाळचं ऐकवते. — ऐकलं? पाड्याच्या लोकांनी दगड आणला. विहिरीपाशी लावायचा. दगड कोरणारा उद्या बाजाराच्या दिवशी येते अन् परत जाते, पुन्हा कधी येईन माहीत नाई. नारळबाबा लिहिलं तर चालते, पण म्हातारे कोरकू म्हणतात, मानसाले खरं नाव पाह्यजे, बिननावाचा मानूस मेल्यावरबी वाट हुडकत राहते. 'आपको पता है तो बता दो, खाला. आप उनके कौन हो?' असं इचारते तो. पाहा कसं इचारते. भला पोरगा हाय. त्यानं ह्यायले पुढच्या सीटवर बसवलं.

काय? तुमी लिहिता? तुमी टाईप करता, मी फक्त तुमच्या कानात सांगू? — नाई ताई. तुमचं मन चांगलं हाय, पण नाई. उखाण्यातबी दुसऱ्याच बायायनं पुरं केलं होतं. जेबानंबी बोलून पाहिलं. दुसऱ्याच्या तोंडून ते नाव कधी पोचलंच नाई कोठी. अन् हे नाव मी लिहून देत नसते, थे माह्याच आवाजात जाईन. तिकडं त्या विहिरीपाशी तनवीर फोन वर धरन, मोठ्यानं लावन, अन् म्हातारे ऐकतील. सासू म्हणे एक दिवस कमी होते. आता कोनते दिवस राहिले, सांगा. जांभळा काठ माह्याच लुगड्याचा हाय. मीच टाका घातला होता, दुहेरी. दुहेरी टाका कोनी घालत नाई झोल्याले.

उठा आता. कॅमेरा घ्या तो, झाकण लावा त्याचं. नाई, हे काई काढायचं नाई, थे हातपंपाचं सांगतलं तेवढं घाला तुमच्या त्याच्यात. चपला तिकडं. अन् जाता-जाता एक काम करा — निळ्या दाराचं घर लागन, तिथं माणिकबाई राहतात, माह्या चुलत जाऊबाई. त्यायले म्हणा, इंदूबाईनं निरोप देला, रविवारी रागिणीले पयली हळद तुमी लावजा. थे इचारतील काहून. तुमी काई सांगू नका, त्यायले समजन. — रडून काई होत नाई ताई, यष्टी चुकन तुमची. जा. अन् बाहेरून दार लोटून घ्या. फट ठेवू नका, पुरं लोटा.